बांबू तोडायचा महिना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ठाण्याच्या आत्याने परवा फोनवर विचारलंच, "काय रे, लिहायचं सोडलंस की काय?" सोडलं नाही आत्या, एका बांबूत अडकलो होतो. :) आता सुटलोय असं नाही, पण जे काही डोक्यात साठलंय ते एकदा मांडून टाकतो. लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटापर्यंत थांबायला नको. चांगलं धनुष्य कशाचं करायचं आणि ते लाकूड कधी तोडायचं, कसं मुरवायचं, हे ज्ञान आपल्या पनवेलच्या आसपासच्या डोंगरात अजून आहे. पण ते ज्यांच्याकडे आहे ती माणसं नेमकी बांबू तोडायच्या महिन्यांत गावात नसतात. ती का नसतात आणि त्यात आपला वाटा किती, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात झाली भाच्यापासून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी धनुर्विद्येत जगज्जेते झाले. तेव्हापासून आमच्या भाच्याच्या डोक्यात धनुष्य बसलं. त्या दोघांचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं, महागडं. नवशिक्या मुलांना आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाच्या प्रकारात उतरवतात. त्यात धनुष्य साधं असतं, बांबूचं आणि लाकडाचं. तीस आणि पन्नास मीटरवरून नेम धरायचा. गरिबाघरच्या मुलाला परवडावं म्हणून हा प्रकार चांगलाच आहे. ताईने तीन-साडेतीन हजारांचं धनुष्य घेऊन दिलं. जुलैत त्याचे थर सुटले. दुसरं घेतलं, ते मुठीच्या वर मोडलं. तुटलेल्या टोकातून बारीक पिवळसर भुकटी भुरभुरत होती. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, बांबूच तो, असाच असतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. कारण बांबू असा नसतो. ती भुकटी भुंग्याची होती. भुंगा लागतो तो अवेळी तोडलेल्या आणि न मुरवलेल्या बांबूला. म्हणजे ते धनुष्य भाच्याच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी, तोडीच्या दिवशीच बिघडलेलं होतं.

मग मी वाचायला लागलो. इंग्रजीत धनुष्याच्या लाकडाबद्दल शोधलं की पहिलं नाव येतं ते यू या झाडाचं. इंग्रजांची ती प्रसिद्ध उंच धनुष्यं याच झाडाची. या लाकडाची गंमत अशी की बाहेरचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. धनुष्य वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडची बाजू दाबली जाते. म्हणजे निसर्गानेच दोन वेगळी लाकडं एकात एक बसवून दिलेली. हे लाकूड हिवाळ्यात तोडायचं, उभं फाडायचं, टोकांना मेण किंवा चरबी लावायची म्हणजे ती घाईघाईने सुकून तडकत नाहीत, आणि मग सावलीत ठेवून द्यायचं. किती दिवस? दिवस नाही, वर्षं.

इंग्लंडला स्वतःचं यू पुरेना. १४७२ साली तिथे कायदा झाला की मालाचं जहाज बंदरात आणायचं तर दर टनामागे धनुष्याच्या चार पट्ट्या आणल्याच पाहिजेत. युरोपातली यूची जंगलं या मागणीने झिजली. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' नावाचं जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्या जहाजावरची शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. साडेचारशे वर्षं समुद्राच्या गाळात राहून धनुष्यं शाबूत! चांगल्या लाकडाचं आणि चांगल्या हाताचं काम म्हणजे काय, ते यावरून कळावं.

यू आपल्या सह्याद्रीत नाही. त्याचा भाऊबंद हिमालयात आहे, गढवालात त्याला थुनेर म्हणतात. त्याची कथा वेगळीच. यूच्या सालीतून कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध निघालं, १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि मग हिमालयातल्या थुनेरवर पाला आणि सालीसाठी अशी झुंबड उडाली की १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. एखादं झाड उपयोगी ठरलं की माणसाला ते सगळंच्या सगळं, आजच्या आज हवं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

असो. आपलं झाड बांबू. खरं तर झाडच नाही ते, गवत आहे. पण धनुष्याच्या बाबतीत त्याचीही परंपरा जुनी आहे. इराणच्या झर्क्सिसच्या सैन्यातल्या हिंदी तुकडीकडे वेताबांबूची धनुष्यं होती असं हेरोडोटसने लिहून ठेवलंय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्य कशाकशाचं करावं याची यादी आहे. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. प्रत्यंचा कशाची करावी याचीही यादी आहे, त्यात रुई आहे, ताग आहे, स्नायू आहे आणि पुन्हा बांबू आहेच. आपल्या मराठीत तर 'तीरकमठा' हा शब्द आहे. बांबूच्या पट्टीला आपण कामटी म्हणतो आणि धनुष्याला कमठा, हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा.

बांबूतही तीच यूची गंमत आहे, फक्त रचना वेगळी. बांबू आडवा कापून बघा. बाहेरच्या सालीजवळ गडद ठिपक्यांची दाटी दिसते, आत जाल तसे ठिपके विरळ होतात. ते ठिपके म्हणजे धागे. सगळी ताकद बाहेरच्या सालीलगत. म्हणून जाणकार माणूस धनुष्य करताना बांबूची हिरवी बाजू कधी तासत नाही. ती तशीच्या तशी बाहेरच्या अंगाला राहते, ताण सोसायला. तासायचं ते आतल्या अंगाने, तेही हळूहळू, वाकवून बघत बघत, दोन्ही हात सारखे वाकतात का ते पाहत. कारखान्यातल्या यंत्राला हे कळत नाही. ते चारी बाजूंनी गुळगुळीत करतं. दिसायला सुंदर, पण धागे कापले गेले.

आता तोडीकडे येऊ. मुख्य गोष्ट हीच आहे.

बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो तो आपल्या कायमच्या जाडीनेच. दोन ते चार महिन्यांत तो पूर्ण उंच होतो. त्यानंतर आयुष्यभर तो ना उंच होतो ना जाड. फक्त आतून टणक होत जातो. पहिल्या वर्षीचा बांबू दिसायला तिसऱ्या वर्षीच्या बांबूएवढाच असतो, पण तो पाण्याने भरलेला आणि कोवळा. धनुष्याला लागतो तो तीन-चार वर्षांचा जून बांबू. आणि अडचण अशी की बेट बाहेरच्या बाजूने वाढतं. कोवळे बांबू कडेला, जून बांबू मधे, गर्दीत, काटेरी कळक असेल तर काट्यांत. घाईतला माणूस कडेचे बांबू तोडून ट्रक भरतो. त्यात बेटाचंही नुकसान, घेणाऱ्याचंही.

मग हंगाम. बांबूत पिठूळ साठा असतो. त्यावरच भुंगा जगतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढवायला बेट आपला साठा खर्च करून टाकतं. त्यामुळे पाऊस संपून थंडी पडली की बांबूत पीठ कमी असतं. तोडायचे महिने हेच, कार्तिकापासून पौषापर्यंत. उन्हाळा येईल तसा साठा पुन्हा भरत जातो. पावसाळ्यात तोडलात तर कोंब मोडतात आणि बांबू पाण्याने जड असतो तो वेगळाच. आपल्याकडे 'अंधाऱ्या पाखात तोडावा' असंही सांगतात. त्यातला चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी हंगामाचा भाग पक्का आहे, शास्त्रालाही मान्य आहे.

तोडल्यावर काय? पाल्यासकट आठवडाभर बेटालाच टेकवून उभा ठेवायचा. पानं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. मग ओढ्यात दगडाखाली दाबून दोन-चार आठवडे भिजवायचा. वास मारतो, पण पीठ धुऊन निघतं. मग सावलीत, वारा लागेल असा, उभा करून सुकवायचा. उन्हात टाकला तर बाहेरून आधी सुकतो आणि फाटतो. कांबी काढून ठेवल्या तर अख्ख्या बांबूपेक्षा बऱ्या सुकतात. त्यानंतर चुलीच्या वर, माळ्यावर. धूर लागला की कीड जवळ येत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेतही कांब कोरडी राहते. आपल्या कोकणात हे फार महत्त्वाचं, कारण बांबू हवेतलं पाणी ओढून घेतो आणि ओलसर धनुष्य ढिलं पडतं, वाकलं की वाकूनच राहतं. पौषात तोडलेला बांबू असा मुरवला तर पुढच्या खंडेनवमीला पूजेत ठेवण्याजोगं धनुष्य होईल. म्हणजे नऊ-दहा महिने.

यातलं बरंचसं मला पुस्तकांनी सांगितलं, पण पुस्तक वाचून खात्री होत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात प्रबळगडाच्या बाजूच्या एका वाडीवर गेलो. ट्रेकला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना तो भाग पाठ आहे, आपण तिथे पिठलंभाकरी खातो आणि कलावंतिणीचे फोटो काढतो. तिथे एक ठाकर आजोबा भेटले. नाव लिहीत नाही, त्यांना तसं विचारलेलं नाही. मी विचारलं, "बाबा, जून बांबू ओळखायचा कसा?" त्यांनी कोयतीच्या मुठीने दोन बांबू वाजवून दाखवले. एक भद्द वाजला, एक खणखणीत. बस्स. मग पेरांवरचे पांढरे डाग दाखवले, कोवळ्यावर धरलेली भुरी दाखवली. माझी दोन महिन्यांची वाचलेली पानं त्यांनी पाच मिनिटांत संपवली.

मी विचारलं, "मग आता कोण करतं धनुष्य?"

ते म्हणाले, "करतील सगळे, दादा. तोड एका दिवसाची. पण ते सुकस्तोवर चार महिने खायाचा काय?"

मंडळी, मी घरी येईपर्यंत हा प्रश्न घेऊन आलो. वाडीवरून उतरताना आणखी एक गोष्ट दिसली. कातकऱ्यांच्या झोपड्यांना बाहेरून कड्या. माणसं वीटभट्टीवर गेलेली. दिवाळीनंतर जातात ती पाऊस पडायच्या बेताला परत येतात. आता हे वेळापत्रक बांबूच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. बांबू तोडायचा, भिजवायचा, सुकवायचा तो याच महिन्यांत. ज्या हातांना हे येतं ते हात त्याच महिन्यांत माती कालवत असतात. आणि का जातात? कारण भट्टीवाला श्रावण-भाद्रपदात, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल देतो. ती उचल फेडायला अख्खा हंगाम जातो. भट्टीवाला आगाऊ पैसे देऊन हंगाम विकत घेतो. आपण मात्र धनुष्य तयार झाल्यावर, तेही घासाघीस करून, पैसे देणार. मग हंगाम कोणाकडे जाणार?

'परंपरा लोप पावत आहे' असं आपण हळहळून लिहितो तेव्हा ती जणू आपोआप, म्हातारपणाने मरतेय असं वाटतं. तसं नसतं. कातकरी हे नावच बघा. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर सरकारचा झाला, कात गेला. नाव राहिलं, काम गेलं. अक्कल गेली म्हणून काम गेलं नाही, हक्क गेला म्हणून गेलं.

धनुष्याचंही तसंच. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या यादीत बंदूक-तलवारीबरोबर धनुष्यबाणही होते. आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये रामोशी आणि इतरांना घेऊन बंड केलं, त्याच्या फक्त एक वर्ष आधीची ही गोष्ट. मग १९२७ च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवलं. गवताला झाड! त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवानगीचं लचांड. ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडलं, तेही वनाबाहेरच्या बांबूपुरतं. मधे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. शिकार बंद झाली ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येतही धनुष्यबाण आहेत आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. आमचं कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. त्याच्या कडेला राहणाऱ्या कातकऱ्याने धनुष्य करून भिंतीला टांगलं तरी त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघितलं जाईल, विचार करा. आमच्या भाच्याच्या पाठीवर धनुष्य असलं की शेजारी विचारतात, "वा, ऑलिम्पिक का?" तेच धनुष्य वाडीवरच्या पोराच्या पाठीवर असलं तर पहिला प्रश्न वेगळा असतो.

आणि हे सांगायलाच नको की देशाला या खेळातली नावं बरीचशी तिथूनच मिळाली. उदयपूरकडच्या डोंगरातला अहारी समाजाचा लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्याने शिकार करायचा. १९९२ ला तो बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये खेळला. रांचीजवळच्या रिक्षाचालकाच्या घरातली दीपिका कुमारी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावर शिकली आणि २०१२ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेली.

आता आक्षेप. माझा मावसभाऊ इंजिनियर आहे, त्याने आधीच घेतलेत. पहिला आक्षेप, "फायबरचं धनुष्य स्वस्त, एकसारखं, पावसात बिघडत नाही. कशाला हा खटाटोप?" बरोबर आहे. स्पर्धेत पुढे जाणाऱ्याने तेच वापरावं. पण इंडियन राउंडला बांबूचं धनुष्य लागतंच, म्हणजे ते कोणीतरी करणारच आहे. प्रश्न आहे तो ते नीट होणार की भुंगा लागलेलं होणार, एवढाच. आणि न मुरवलेलं धनुष्य स्वस्त नसतं. ताईने दोनदा पैसे दिले, ते एका चांगल्या धनुष्याच्या किमतीपेक्षा जास्त झाले. शिवाय ताणलेलं धनुष्य मुलाच्या तोंडाजवळ मोडतं तेव्हा हिशेब नुसता पैशांचा राहत नाही.

दुसरा आक्षेप, "मग रसायनाने प्रक्रिया करा की! बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवला की काम झालं." हाही मुद्दा खरा आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. ओढ्यात भिजवण्यापेक्षा ते सोपं आणि खात्रीचं आहे. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूचं काम आदिवासींच्या हातातलं आधुनिक काम कसं होऊ शकतं ते दाखवलंय. पण रसायन कीड थांबवतं, कोवळ्याला जून करत नाही. सुकायला लागणारा वेळही ते वाचवत नाही. वेळ हा द्यावाच लागतो, म्हणजेच त्या वेळेचे पैसे कोणीतरी द्यावेच लागतात.

तिसरा आक्षेप मीच घेतो. आपण शहरातले लोक मागणी करू, आणि थुनेरसारखी बांबूवर झुंबड उडेल. ही भीती खरी आहे. त्यावरचं उत्तर एकच आहे, बेट कोणाच्या ताब्यात आहे. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच बेटातून तोडायचंय तो कडेचे कोवळे बांबू तोडत नाही. ठेकेदाराला पुढच्या वर्षाशी देणंघेणं नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला २०११ चा एप्रिल उजाडला, तेसुद्धा केंद्रातले मंत्री स्वतः गावात आले तेव्हा. त्यानंतर गावाने स्वतःच्या हिमतीवर बांबू विकला. म्हणजे होऊ शकतं. आपल्या रायगडातल्या वाड्यांना मेंढ्याएवढं जंगल नाही, पण वीस-पंचवीस धनुष्यांना लागतात किती बांबू? एक बेट पुरेल!

जपानचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे क्यूदोचं धनुष्य बांबूचंच, माणसापेक्षा उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. त्यांच्याकडेही फायबरची धनुष्यं आली, नवशिके तीच वापरतात. पण क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो शहरात अजून बांबू थंडीत तोडतात, मुरवतात, आणि सरकारने १९९४ मध्ये त्या कलेला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिलाय. तिथला कारागीर थांबतो कारण त्याला थांबायचे पैसे मिळतात. आपल्याकडे फक्त कौतुक मिळतं, ते चुलीवर शिजत नाही.

मग करायचं काय? मी सरकारला पत्र लिहा वगैरे सांगणार नाही. (लिहा, हरकत नाही.) माझी सूचना साधी आहे. पनवेल, पेण, कर्जत भागातल्या ज्या शाळा आणि क्लब मुलांना धनुर्विद्या शिकवतात त्यांनी धनुष्याची ऑर्डर दुकानात जूनमध्ये देण्याऐवजी वाडीवर गौरीगणपतीत द्यावी, पुढच्या दसऱ्यासाठी. आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. हो, आगाऊ. भट्टीवाला ज्या महिन्यात उचल देतो त्याच महिन्यात. फरक एवढाच की ही उचल फेडायला कुटुंबाने गाव सोडायचं नाही. उरलेल्यापैकी काही पैसे माघात, बांबू भिजून सुकायला लागला की, आणि बाकीचे धनुष्य हातात आल्यावर. एखादं धनुष्य मोडलं तर ते बदलून द्यायचं, हेही आधीच ठरवायचं. कारागीर आहे म्हणून दया नको आणि आदिवासी आहे म्हणून सूटही नको. व्यवहार करा, पण हंगामाला धरून करा.

यात धोका आहे का? आहे. आगाऊ दिलेले पैसे एखादवेळी बुडतील. पण आपण बिल्डरला इमारत उभी राहायच्या आत लाखो रुपये देतो की! खारघरपासून पळस्प्यापर्यंत अर्धं पनवेल असंच आगाऊ पैशांवर उभं राहिलंय. मग वाडीवरच्या माणसाला दहा महिने आधी दीड हजार द्यायला आपला हात का आखडतो? विश्वासाची ही कोणती मोजपट्टी?

आता विमानतळही झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं सुरू झाली. तिथे उद्या कुठल्यातरी भिंतीवर वारली चित्रं येतील, एखाद्या दुकानात शोभेचं तीरकमठा लटकेल, त्याला चकचकीत पॉलिश असेल. मला त्याचा राग नाही. पण आपल्या विमानतळापासून तासाभराच्या अंतरावर खरं धनुष्य करू शकणारा माणूस विटा थापत असेल, तर ते शोभेचं धनुष्य मला बघवणार नाही.

मी भाच्याच्या प्रशिक्षकांशी बोललोय. ते म्हणाले, "पाच धनुष्यांपासून सुरू करू." वाडीवर अजून बोलायचंय, तिथे हो म्हणतील असं मी गृहीत धरत नाही. त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळा फसवलं गेलंय, त्यांनी दहा प्रश्न विचारलेच पाहिजेत. गणपतीच्या आधी हे जमवायचंय, कारण त्यानंतर भट्टीची उचल घेतली जाते आणि मग वर्ष गेलं.

तुमच्यापैकी कोणाच्या गावाकडे, चिपळूणला, वाड्याला, जव्हारला, कोणी अजून बांबू मुरवून वापरत असेल, धनुष्याला नाही तर डोलीला, काठीला, टोपलीला, तर त्यांची पद्धत मला जरूर कळवा. भिजवतात किती दिवस, सुकवतात कुठे, सगळं. आणि आत्या, तुझ्या माहेरच्या परसातलं ते मेसाचं बेट अजून आहे का गं? असेल तर काकांना सांग, पावसाळ्यात त्याला हात लावू नका म्हणावं.